बद्द वाजणारी वाट

पार्शे गावाच्या वरच्या वाड्यावर पाऊस आभाळातून कमी आणि डोंगरावरून जास्त येतो. काजूंच्या बागेतलं सगळं पाणी खाली निघतं, आणि कमलच्या घरापासून देवळापर्यंत उतरणारी पायवाट म्हणजे त्याचा पिढीजात हक्काचा मार्ग. माणसांनी आपला जीव मुठीत धरून चालावं. मागच्या आषाढात त्याच वाटेवर कमलच्या नवऱ्याचा, गोकुळदासचा, पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळून आलं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन खुशाल चाला. पण गोकुळदास घरातून न्हाणीपर्यंत चालायचा आणि पुन्हा पडवीतल्या खुर्चीत येऊन बसायचा.

"त्या वाटेर मी पाय घालूचंय नाय," तो म्हणायचा. विषय संपला.

गोकुळदास वाड्याचा पखवाजी. श्रावणात देवळात भजनी सप्ताह बसतो, प्रत्येक वाड्याची पाळी ठरलेली असते. मागच्या वर्षी यांच्या वाड्याच्या पाळीला हळर्णहून पखवाजी आणावा लागला. त्या दिवशी गोकुळदास भिंतीकडे तोंड करून निजला होता, आणि ती पाठ कमल विसरली नव्हती. यंदाही तसंच झालं तर हा माणूस त्या खुर्चीतून परत उठणार नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. भीती वाटत होती, आणि भीती वाटली की कमलला राग येतो. यावेळी तो राग वाटेवर निघाला.

शेजारचा गुरुदास बोलण्यात तरबेज. तो म्हणाला, "वयनी, आता घटक राज्य झालां. पंचायत डांबर घालतली. जरा रावा मगे."

"डांबर येयसर ह्यांचे पाय गंजतले," कमल म्हणाली आणि पदर खोचला.

इथे घर जांभ्या चिऱ्याचं, कुंपण चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची. मग वाटही चिऱ्याचीच करावी, यात तिला काही वावगं वाटलं नाही. गुरुदासने नवी खोली बांधली तेव्हा तासलेल्या चिऱ्यांच्या कपच्यांचा ढीग मागे उरला होता. तो तिने टोपल्या टोपल्यांनी वाहिला आणि वाटेवर पसरला. दोन दिवस वाट लालचुटूक, नवरीसारखी दिसली. मग पाऊस लागला. आठवड्याभरात कपच्यांचा चिखल झाला आणि वाट पूर्वीपेक्षा निसरडी.

"वयनीन वाटेची वाट लावली!" गुरुदास सगळ्या वाड्याला सांगत सुटला. विनोद चांगला होता, म्हणून कमलला जास्तच झोंबला.

गुरुदासच्याच मागच्या खोलीत मंगल भाड्याने राहायची. गडहिंग्लजकडची, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी. पावसात काम बंद, आणि गावी शेत नाही, म्हणून इथेच थांबलेली. ती उंबऱ्यात बसून दोन दिवस हा चिखल बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"चिरा म्हंजी वाळल्याली मातीच की वो, मावशी. काळा धोंडा पायजे. आन् वाट मधनं उंच करायची, म्हशीच्या पाठीवानी. कडंनं चर."

"मग चल, दाखय," कमल म्हणाली. मंगलला वाटलं होतं मावशी आभार मानेल. मावशीने तिच्या हातात घमेलं दिलं.

दोघींनी लाल चिखल खरवडून काढला, चर खणला, डोंगराच्या पायथ्याचे काळे धोंडे आणून पडवीसमोर फोडायला घेतले. कमलची बोटं ठेचली, तळहाताला फोड आले, ते फुटून पुन्हा आले. गोकुळदास खुर्चीतून बघायचा आणि म्हणायचा, "कोणाक गो ह्यां सगळां?"

"गोरवांक," ती गुरांचं नाव सांगायची.

वाट झाली. चालताना करकर वाजायची. पण खडीची वाट म्हणजे नव्या सुनेसारखी, एकदा आणली की झालं असं नाही, रोज विचारपूस लागते. एका सकाळी कमल पाण्याची कळशी घेऊन वर आली तेव्हा गोकुळदास म्हणाला, "तिसऱ्या माडाकडे बद्द वाजता."

"काय बद्द?"

"वाट. ओल धरलेल्या कातड्यासारखी. खाली पाणी आसा."

कमलचं डोकं फिरलं. "बसल्या जाग्यार चुको काढूंक बरां जमता!" कळशी आदळून ती गेली आणि रागारागाने तिसऱ्या माडाजवळची खडी पायाने उकरली. खाली पाणी होतं. वर बघितलं तर चरात माडाचं झावळ अडकून पडलेलं. तिने झावळ ओढून काढलं. वर्षभरात नवऱ्याने पहिल्यांदा स्वतःहून कशाची तरी काळजी केली होती.

त्या दिवसापासून ती मुद्दाम चालायची. खाली जायची, वर यायची, कधी पाय आपटत. वरून हुकूम यायचा, "दगडी पायरेकडे!" नाहीतर, "आंब्याकडे आता बरी बोलता!" मंगल हसून हसून बेजार व्हायची. कमल मात्र त्याला 'चला' म्हणून एकदाही बोलली नाही. तोंडाशी आलेला शब्द ती गिळायची आणि खडी टाकायची.

वाड्याची पाळी आली तो दिवस अंधारून आलेला. जेवणं झाली. पाऊस असा की समोरचा माड दिसेना. गोकुळदास उठला, चुलीजवळ टांगलेला पखवाज काढला, कातड्यावरून हात फिरवला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "घरात कणीक आसा?"

भात खाणाऱ्या घरात गव्हाचं पीठ कशाला असेल? पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. कमलने श्रावण लागायच्या आधीच दुकानातून आणून ती डब्यात दडवून ठेवली होती.

"आसा," ती म्हणाली आणि डबा काढला.

पखवाज शेजारून आलेल्या गुरुदासने गोणपाटात गुंडाळून घेतला आणि पुढे झाला. मागून डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन गोकुळदास निघाला. कमल पडवीतच थांबली. सोबत गेली असती तर तिने त्याचा हात धरला असता, आणि ते त्याला चाललं नसतं. दहा पावलांवर तो पावसात दिसेनासा झाला. तिला फक्त ऐकू येत होतं. काठी, करकर. काठी, करकर. मग आवाज थांबला.

"आयकतंस मां गो?" पावसातून हाक आली. "तिसऱ्या माडाकडे अजून बद्द वाजता!"

"वाजूंदे! तुमी चला!" ती ओरडली, आणि तिला रडू कोसळलं.

काठी पुन्हा वाजू लागली आणि उतारावर लांब गेली. कमलने डोळे पुसले, पदर खोचला आणि घमेलं खडीने भरलं. खाली देवळात पखवाजावर पहिली थाप पडली तेव्हा ती तिसऱ्या माडाशी वाकून चर मोकळा करत होती. थाप खणखणीत होती. तिने खडी ओतली आणि पायाने दाबून बसवली.