केसाएवढी फट

चिमट्यातली धातूची कपची कार्यशाळेतल्या चाचणीच्या इंजिनाच्या फटीत बसवताना मास्तरांना पुन्हा ते पत्र आठवलं. ज्या मुलीला त्यांनी आयन इंजिनाचं काम शिकवलं, तिचं. तीन आठवडे ते कोटाच्या खिशात होतं आणि उत्तराची एक ओळही लिहून झाली नव्हती.

ती जमिनीवरून सांभाळत असलेलं यान दूर अवकाशात होतं आणि इंजिन बंद पडलं होतं. आयनांचा झोत ज्या दोन जाळ्यांतून बाहेर पडतो, त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत कपची अडकली असावी. 'जोराचा प्रवाह सोडून जाळून टाकू, असं सगळे म्हणतात. ऑफिसच्या मेलवर बाहेरच्या कुणाला विचारता येत नाही, म्हणून कागदावर विचारते. मास्तर, तुम्ही काय केलं असतं?'

"प्रवाह सोडू?" फिटरने विचारलं.

मास्तरांनी मान डोलावली. हात मात्र टेबलाची कड सोडेना.

निर्वात टाकीच्या काचेमागे बिनआवाजाची ठिणगी उडाली. कपची जळली नाही. दोन्ही जाळ्यांना चिकटून बसली.

"गेलं इंजिन कामातून," फिटर म्हणाला. "कालची तर भस्सकन जळाली होती."

"काल पातळ होती."

"मग त्यांची पातळ आहे की जाड?"

"बघून येतोस?"

फिटर हसला.

"परवा दिव्याने जाळ्या तापवल्या, निवू दिल्या, तेव्हा एक सुटली होती," ते हळूच म्हणाले.

"ती वजनाने पडली, मास्तर. तिथे वजन कुठलं?"

हे त्यांनाही ठाऊक होतं. थांबावं तर यान वाट चुकणार. जाळावं आणि चिकटली, तर पोरीची दहा वर्षं पाण्यात.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, 'जाळू नकोस. आधी यान उन्हात धर, मग सावलीत. जाळ्या तापतील, आखडतील. कपची सुटेलच असं नाही. मला भीती वाटते.' खाली सही केली. मग थोडं थांबून, तिला बैठकीत दाखवता यावं, बोल लागला तर आपल्याला लागावा म्हणून पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे जोडलं, 'यांच्या सांगण्यावरून.'

टपालपेटीपाशी बायको सोबत होती.

"अहो, टाका की आता. तीन आठवडे कोट धुऊ दिला नाहीत. पेटी काही चावत नाही."

पत्र आत पडल्याचा आवाज आला.

"झालं ना? चला."

"हो," मास्तर म्हणाले. बोटं अजून पेटीच्या फटीतच होती.