कोपरा नसलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. अंगाने जाड, रंगाने काळी आणि स्वभावाने जरा टोचरी. माझा एक कोपरा नाही. उंदराने खाल्ला असेल, असे तुम्हाला वाटेल. छे! त्याची गोष्ट वेगळीच आहे.

माझा जन्म सांगोल्याचा. म्हाळसाबाईने आपल्याच मेंढरांची लोकर कातली, सनगराने मला मागावर विणले. पुढे दुष्काळ पडला आणि मेंढरे गेली ती गेलीच. त्या कळपातले उरले काय, तर एकटी मी. मला खांद्यावर टाकून म्हाळसाबाई सोलापुरात आली आणि एका गिरणीमालकाच्या बंगल्यावर बागकामाला लागली. एकट्या बाईला बागेतच एक खोली मिळाली.

बंगला उतारावर होता, खाली ओढा. त्या वर्षी मालकांनी हिरवळ करायला काढली. ओढ्याकाठची हरळी मातीसकट चौकोनी ढेपांनी खणून आणली आणि उतारावर एकीला एक लावून बसवली. दिवाळीला पाहुणे येतील तेव्हा हिरवळ दिसली पाहिजे, नाहीतर दुसरी माणसे पाहू, असे मालकांनी बजावले होते. मुख्य माळी आण्णाला कुठेही काम मिळाले असते. म्हाळसाबाईला मात्र त्या खोलीखेरीज डोके टेकायला जागा नव्हती.

ढेपांनी अजून मुळे धरली नव्हती, तोच हस्ताचा पाऊस वादळ घेऊन कोसळला. काय ती दोघे राबली! आण्णाने माथ्यावर आडवा चर खणून पाणी बाजूला वळवले. म्हाळसाबाईने बाभळीच्या खुंट्या ठोकून ढेपा अडवल्या. तरी मधला चढाचा तुकडा सुटू लागला आणि माती ओढ्याकडे निघाली. म्हाळसाबाई धावत खोलीत गेली आणि मला घेऊन आली.

आण्णाने तिचा हात धरला. "अगं, कळपाची येवढीच खूण हाय की तुज्याकडं. चिखलात घालतीस व्हय?"

"कळप गेला तवा नुसती बघत बसले, आण्णा. आज न्हाय बसायची."

तिने मला त्या तुकड्यावर पसरले आणि कडेने खुंट्या ठोकल्या. दुखले, खोटे कशाला सांगू? ओढा फुगून माझ्या पायथ्याशी आला. मी पाणी पिऊन पिऊन जड झाले, पण माझ्याखालची माती जागची हलली नाही.

पाऊस लांबला, म्हणून तिने मला तशीच राहू दिले. उघडीप झाल्यावर उचलायला गेली, तर एक कोपरा सुटेना. हरळी माझ्या लोकरीतून वर आली होती. ओढले असते तर ढेप मुळासकट निघाली असती. म्हाळसाबाई बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत बसली. मग मेंढरांची कातर आणून तिने तेवढा कोपरा कापला.

"ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. "जित्तेपणी माज्या मेंढरांना हिरवं मिळालं न्हाय. आता मिळालं."

दिवाळीत पाहुण्यांनी हिरवळ वाखाणली. म्हाळसाबाईची खोली राहिली.

आता मी पेटीच्या तळाशी असते. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. टोचते म्हणून तिला फेकू नका, अधूनमधून उन्हात घाला. आणि हिरवळीवर चालताना पाऊल हलके टाका. माझा कोपरा अजून तिथेच आहे.