बायकोच्या नंबरची दुर्बीण

माणूस जातो, पण त्याची नजर मागे उरते, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. दुकानात मात्र तो हे कधी बोलला नाही. जुन्या नजरेवर लोकांचं भागायला लागलं तर नवे चष्मे कोण करणार?

या मताला आधार होता बायकोच्या दुर्बिणीचा. जुन्या घडणीची ती. दोन्ही डोळ्यांची नंबर जुळवायची कडी वेगवेगळी फिरवायची. बायको चष्मा काढून ती आपल्या नंबरावर लावायची आणि हिवाळ्यात दर रविवारी जवळच्या पाणथळीवर राखी बगळा बघायला जायची. संध्याकाळी सांगायची, "आज आला होता."

"कोण?" हा विचारायचा.

एवढ्यावर संसार झाला. रविवारी गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे तो एकदाही बरोबर गेला नाही.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने एका रविवारी दुकानाला कुलूप लावलं. सोबतीला मेहुणी आली. "एकटे चिखलात पडाल आणि बोल मला लागेल," म्हणून.

लव्हाळी वाळून पिवळी पडली होती. पायवाट संपली तिथे त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळं पिठात कालवल्यासारखं. या नंबरावर बायकोला लख्ख दिसायचं आणि आपल्याला धूसरच दिसणार, हे त्याला चष्मेवाला म्हणून ठाऊक होतं. नवरा म्हणून मान्य नव्हतं. तरी पलीकडच्या काठावर काहीतरी राखाडी, उंच, एका पायावर उभं होतं.

"आला," तो हळूच म्हणाला.

"कोण?" मेहुणी म्हणाली.

त्याला उगाचच भरून आलं.

"अहो भावोजी, कडी फिरवा की जरा. किती डोळे ताणताय!"

"हात लावायचा नाही. तिने लावलेली आहेत ती."

मेहुणीने चष्मा काढून पुसला.

"रागावू नका हं," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात तुमचं कपाट आवरताना मी बघितलं त्यातून. समोरच्यांची नवी सून कशी आहे ते. कडी माझ्या नंबरावर आहेत."

तो रागावणारच होता, पण हाताला काम सुचलं. खिशातला जवळचा चष्मा लावून त्याने कड्यांवरचे बारीक आकडे पाहिले. बायकोचा नंबर त्याला तोंडपाठ होता. लग्नाआधी त्यानेच तपासला होता. खात्री करायच्या निमित्ताने दोनदा. आधी डावं कडं फिरवलं, मग उजवं. चष्मा काढून पुन्हा बघितलं. पुन्हा धूसर, पण जरा निराळं धूसर. काठावरचा तो अजून उभाच होता, मान किंचित कललेली.

"बघ, हलला नाही. तिची वाट बघतोय."

"आणा इकडे." मेहुणीने चष्मा कपाळावर सरकवला आणि दुर्बीण घेतली. बहिणी-बहिणींचे नंबर जवळपास सारखे. तिने बराच वेळ बघितलं.

"आहे ना?"

"आहे," ती म्हणाली.

पलीकडच्या काठावर लोखंडी खांब होता, आणि त्यावर वाकडी झालेली पाटी: "येथे वाहने धुऊ नयेत."