डाव्या पायाची फ्रेम

काळुरामने चौथा बोल्ट आवळला आणि स्केटचा बूट अंगणातल्या फरशीवर ठेवला. घाल म्हणेपर्यंत जयाने नाड्या अर्ध्याच बांधल्या आणि सुटली. तिला दम कुठला! उद्या सकाळी आठला राज्याच्या स्केटिंग हॉकी संघाची निवड, आणि काल सरावात जुन्या फ्रेमचे दोन तुकडे झालेले.

फ्रेम म्हणजे बुटाखाली चार चाकं एका रांगेत धरणारा सांगाडा. सकाळीच बापलेक विठ्ठलवाडीला जाऊन जुन्या सामानातून एक जोड घेऊन आले होते. काळुरामला लांब, चकचकीत जोड आवडला होता. जयाने आखूड उचलला. हॉकीत सरळ पळायला कुणाला मिळतं, सारखं वळावंच लागतं, असं तिने त्याला भर दुकानात ऐकवलं. कंपनीला टाळं लागेपर्यंत तो फिटर होता, म्हणून फ्रेम बसवायचं काम त्याच्याकडेच आलं.

पोरीने एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत वळताना डावा घोटा आत कलला आणि ती मोरीच्या भिंतीला धरून थांबली.

"बाबा, डावा पाय आत पडतोय."

काळुरामने काटकोन बघायचा गुण्या लावला, दोरा धरून दाखवला. फ्रेम तळाच्या बरोब्बर मधोमध होती. नवीन आहे, सवय होईल, म्हणाला. तिने पुन्हा घालून पाहिलं, पुन्हा तेच. एकदा नाड्या सोडी, एकदा बांधी, तिचं तिलाच कळेना.

जयाची आई गोदा ओट्यावर सुकट निवडत होती, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात ठरलं होतं ते असं: निवड झाली तर चार वर्षं जयाच्या लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर गुरुवारी आंबिवलीचा दौलत आपल्या मुलाला घेऊन तिला बघायला येणार. काळुरामने तसा शब्दच देऊन ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर गोदा भांडली तरी असती.

जया बूट काढून मोरीत पाय धुवायला गेली. बाहेर आली तशी कोरड्या फरशीवर ओली पावलं उठली. उजवं मधे बारीक, नीट. डावं सपाट, आतल्या अंगाला अख्खं टेकलेलं. गोदाने पावलं बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं. तो तिकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता.

तिने जयाला दळण आणायला पिटाळलं.

"मिठागरात आमी चाळीस बाया होतो," ती म्हणाली. "चिखलातलं माझं पाऊल तुमी लांबून वलखायचे. अन् पोरीचा पाय वलखला नाय?"

काळुरामने पाना खाली ठेवला, परत उचलला. जुनी फ्रेम थोडी आतल्या बाजूला बसवलेली होती ना, असं तिने विचारलं.

"सूतभर," तो म्हणाला. "बुटाच्या तळाला खूण होती. पॉलिश पेपरनं घासली मी."

"का?"

"दौलतला शब्द दिलाय, गोदे."

"शब्द तुमचा. पाय तिचा हाये."

तिला संताप येत होता आणि मेल्याची कीवही येत होती. पोरीने पहिल्यांदा स्केट घातले तेव्हा तिचा हात धरून गल्लीभर धावणारा हाच तर होता.

काळुरामने बोल्ट सोडले. गोल कानशीने फ्रेमची भोकं आडवी लांबवली, जाड वॉशर घातले, फ्रेम सूतभर आत सरकवून आवळली. जया दळण घेऊन आली तेव्हा बूट दारात तयार होता. ती वळली, उलटी वळली, पाठमोरी गेली. घोटा ताठ राहिला. काय केलंत, तिने विचारलं.

"भोक चुकलेलं माझं," काळुराम म्हणाला.

तेवढं खोटं गोदाने चालू दिलं.

मग त्याने हात धुतले आणि खुंटीवरचा सदरा अंगात घातला. कुठे निघालात, तिने विचारलं.

"आंबिवलीला. गुरुवारी येऊ नको म्हणून दौलतला सांगून येतो."

"निकाल तर उद्या हाये."

"म्हणून तर आज जातो."