काळा दगड आणि माझी किल्ली

मी लाकडाच्या वखारीतला ट्रक बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर दोष सायलेन्सरला द्या. मन मात्र आधीपासूनच भित्रं आहे. सुतारांच्या दुकानांत फळ्या पोहोचवत एकतीस वर्षं काढली, तरी किल्ली फिरली की अजून पहिला प्रश्न तोच: आज जमेल ना?

मालक पहिल्यापासून एकच. मी नवा होतो तेव्हा तो मला ओल्या फडक्याने पुसायचा आणि स्वतःचा चष्मा मात्र सदऱ्याच्या टोकाने. पुढे माझं एकेक बिघडत गेलं आणि त्याने एकेक जमवून घेतलं. टाकी गळू लागली, तर साबणाची वडी चोळून भोक बुजवलं. दरवाजा तारेने आवळला. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागेना, तर त्याच्या पायालाच तशी सवय लागली. स्टार्टर थकल्यावर तो मला कायम उतारावर उभा करू लागला, चाकाखाली एक काळा दगड लावून. सपाटीवर थांबलोच, तर फळ्या उतरवणाऱ्या सुतारांना मला ढकलावं लागे.

"हा माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," तो चारचौघांत सांगायचा. मीही सुखावायचो.

मग तपासणीचं पत्र आलं. नापास झालो तर थेट भंगारात. आणि निरीक्षक मला स्वतः चालवून बघणार होते.

मालकाची मुलगी गावातली नावाजलेली मेस्त्री. पण तिच्या गॅरेजकडे त्याने मला कधी फिरकू दिलं नव्हतं. आता इलाजच उरला नाही. तिने बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, हे इंजिन आहे की बोहारणीचं गाठोडं?"

"चालतोय ना?"

"तुमच्या हाताखाली चालतोय. उद्या तुमचा गुडघा धरला, तर कोण चालवणार?"

"कुणी नको चालवायला."

"मग जाऊ दे भंगारात!"

मालक माझ्या मागच्या फाळक्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "काय काढायचं ते काढ. मी बघायला थांबत नाही."

तिने तार कापली, साबण खरवडला, स्टार्टर उतरवला. खरं सांगतो, मला धडकी भरली. इतकी वर्षं मी या ठिगळांवरच उभा होतो. ठिगळंच गेल्यावर खाली काही उरलं असेल का? उरलं होतं. नवव्या दिवशी ती हात पुसत म्हणाली, "म्हातारबा, तुमची हाडं अजून पक्की आहेत."

तपासणीच्या मैदानावर तिनेच मला आणलं. मालक मागून बसने आला. निरीक्षक आत बसले, तसा तो सवयीने मागे गेला. दोन्ही तळवे फाळक्यावर टेकले, पाय रोवले.

"अहो काका, मागे काय करताय?" निरीक्षकांनी डोकं बाहेर काढलं.

"ढकलतो ना! सपाट जागा आहे."

किल्ली फिरली. एका झटक्यात इंजिन धडधडलं आणि मी निघालो. आरशात दिसलं, मालक दोन पावलं धडपडला. हात तसेच पुढे, हवेत.

मैदानाच्या टोकाचा चढ मी चढलो. मध्यावर ब्रेक दाबला गेला, एकदाच. जागच्या जागी उभा राहिलो! परक्या माणसाच्या पायाखाली!

"आवाज घोगरा आहे," निरीक्षक उतरून म्हणाले, "बाकी नावं ठेवायला जागा नाही." आणि कागदावर शिक्का मारला.

"माझ्याशिवाय गेला गं!" मालक मुलीला म्हणाला. तक्रार आहे की कौतुक, मला कळेना. मग तो इतका हसला की चष्मा काढावा लागला. तो त्याने माझ्या फडक्याने पुसला.

त्या संध्याकाळी त्याने मला नेहमीच्या उतारावर नेलं, दगड उचलला आणि तसाच उभा राहिला. मग दगड वखारीच्या दाराला लावला आणि मला खाली सपाटीवर आणून उभं केलं.

आता आठवड्यातले तीन दिवस मुलगी मला चालवते. माझं मागणं एवढंच: काही खुट्ट झालं तर सांभाळून घेऊ नका, उघडून बघा.

सकाळ झाली आहे. फळ्या भरून झाल्या आहेत. कुणीही या आणि किल्ली फिरवा.