अटी निघेपर्यंत

कृष्णकांतांनी खुर्ची खिडकीकडे ओढली, तिच्यावर चढून पडदा पूर्ण बाजूला सारला आणि उजेड सोफ्यापर्यंत पोचतो का ते वळून पाहिलं.

"उतरा खाली, पडाल," नयनाताई म्हणाल्या. हलव्याचा हार दोन्ही तळव्यांवर पसरून त्या उभ्या होत्या. "आधी जावयांना घालू दे हा. हातात चिकटायला लागलाय."

उत्तरा काळी साडी नेसून सोफ्यावर बसली होती. कानांत, गळ्यात, मनगटांवर हलव्याचे दागिने. लग्नानंतरची पहिली संक्रांत मुलीची हौसेनं करतात. पण तिच्या पहिल्या संक्रांतीला नवरा न्यू जर्सीत होता आणि ती व्हिसाची वाट बघत इथंच, मस्कतला, अल् खुवैरच्या या घरात. पुढच्या सगळ्या अमेरिकेत गेल्या. म्हणून ही पाचव्या वर्षी पहिली. नयनाताई महिनाभर एकेक दाणा दोऱ्यात अडकवत बसल्या होत्या.

"काळ्या साडीत फोटो?" अंबरीश हार घालून घेत म्हणाला. तो लहानपणीच अमेरिकेत गेलेला. मराठी जपून, पायरी चाचपत उतरावं तसं बोलायचा. "तो इमिग्रेशनचा ऑफिसर विचारेल, तुमच्याकडे कोण वारलं?"

"अगबाई, शुभ बोला हो!" नयनाताई म्हणाल्या.

उत्तरा हसली नाही. "घ्या ना बाबा. वकिलानं सांगितलंय, सणावाराचे, घरच्यांबरोबरचे फोटो जमवत राहा."

लग्नामुळे मिळालेलं ग्रीन कार्ड पहिली दोन वर्षं अटीचं असतं, हे कृष्णकांतांनी आता पाठ केलं होतं. मग नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा, आमचा संसार खरा आहे असं दाखवायचं, आणि सरकारला पटलं की अटी निघतात. अर्ज जाऊन दीड वर्ष उलटलं होतं. मुलाखतीला बोलावतील, न बोलावतील. रोज सकाळी देवापुढं निरांजन लावताना ते एकच मागत : पोरीचं कार्ड लवकर येऊ दे.

पाचव्या वर्षाची संक्रांत पहिली म्हणून दाखवावी का, हा प्रश्न त्यांना आदल्या दिवसापासून कुरतडत होता. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

"जरा जवळ सरका," ते म्हणाले. "अंबरीशराव, इकडे बघा. इकडे, माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन हॉलमध्ये आले, तर सोफ्यावर अंबरीश पाय पोटाशी घेऊन झोपला होता. चाहूल लागताच तो धडपडून उठला आणि चादरीची घडी करू लागला.

"एसी फार गार होतो आत," तो म्हणाला.

थंडीच्या दिवसांत एसी घरात कुणी लावलाच नव्हता. कृष्णकांत "हो, होतो," म्हणाले आणि पुस्तक उलटं धरून बसले.

दुपारी उत्तराला तिच्या मैत्रिणीकडे, मनालीकडे, सोडायला ते गाडी घेऊन निघाले. सिग्नलला थांबले, तेव्हा ती समोर बघतच म्हणाली,

"बाबा, तुम्ही पाहिलंत ना सकाळी."

त्यांनी स्टिअरिंगवरची न दिसणारी धूळ पुसली.

"कार्ड आलं की वेगळं व्हायचं ठरलंय. आईला आत्ता सांगू नका. तिनं इतक्या हौसेनं केलंय सगळं."

"आणि हे फोटो? हे सगळं... खोटं?"

"लग्न खरंच होतं, बाबा. मी त्याच्यासाठीच गेले होते. आता नाही राहिलं. पण अर्ज दोघांचा आहे तोवर सोपं आहे. आधीच मोडलं, तर मला एकटीला पहिल्यापासून सगळं पटवून द्यावं लागेल. नोकरी आहे तिथं, माझं सगळं तिथं आहे."

मागून हॉर्न वाजला. सिग्नल कधी सुटला ते दोघांनाही कळलं नव्हतं.

कोण कंटाळलं, कुणी मोडलं, हे विचारायला त्यांची जीभ रेटली नाही. बापाच्या मनानं उत्तर परस्पर ठरवून टाकलं. त्या दिवसापासून ते जावयाशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. त्यानं वाढायला पुढं केलेली वाटी त्यांनी दोनदा स्वतःच्या हातानं बाजूला सारली. नयनाताई स्वयंपाकघरात कुजबुजल्या, "अहो, जावई आहेत ते, तुमचे कारकून नव्हेत."

शुक्रवारी कुरुमच्या समुद्रावर सगळे फिरायला गेले. मायलेकी पुढं गेल्या. ओल्या वाळूत पोरांचा फुटबॉल चालला होता. अंबरीश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कृष्णकांतांच्या बाजूनं चालत होता. आयुष्यात कुणाला टोमणा न मारलेले कृष्णकांत म्हणाले,

"येईल हो तिचं ते कार्ड. म्हणजे सुटाल एकदाचे."

अंबरीश थांबला. बॉल त्याच्या पायाशी आला होता. त्यानं तो पोरांकडे परत मारला.

"मला नाही सुटायचं, बाबा," तो म्हणाला. "उत्तराला."

कृष्णकांतांच्या घोट्यांवरून पाणी आलं आणि परत गेलं.

"तिनं मागच्या वर्षी सांगितलं. मी म्हटलं, ओके, कार्ड येईपर्यंत राहू. तिला वाटतं, मी मदत करतोय." तो शब्द शोधत राहिला. "सगळे लोक ना, त्या वेटिंगला शिव्या देतात. मी नाही देत. एक घर आहे, सकाळी ती चहा करते, मला पण देते. उशीर होतोय तेवढे दिवस... मला मिळतायत."

पुढून नयनाताईंनी हात हलवला. "अहो, चला की! गप्पा कसल्या रंगल्यात सासऱ्या-जावयाच्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत देवापुढं उभे राहिले. निरांजनाची वात सारखी केली. ओठ उघडले आणि मिटले. काय मागावं, ते त्यांना सुचेना. नुसतेच हात जोडून ते मागं फिरले.

सोमवारी संध्याकाळी, अमेरिकेत ऑफिसं उघडण्याच्या सुमारास, आतल्या खोलीतून उत्तराची किंकाळी आली.

"आलं! आई, अप्रूव्ह झालं! अटी काढल्या! इंटरव्ह्यूसुद्धा नाही!"

नयनाताई पिठाच्या हातांनीच धावल्या. त्यांनी लेकीला कवटाळलं, जावयाला कवटाळलं, त्याच्या शर्टावर पांढरे पंजे उमटवले. "सुटला बाई जीव! आता पुढचं बघा. मला नातवंड पाहिजे."

अंबरीश हसला. त्यानं हात पुढं केला. "अभिनंदन."

उत्तरानं तो दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते. "थँक यू," ती म्हणाली. "खरंच, थँक यू."

"अगं, नवऱ्याला कुणी थँक यू म्हणतं का?" नयनाताई हसत सुटल्या. "अहो, जा बघू, रुवीहून पेढे घेऊन या. देवापुढं ठेवते आणि मग सगळ्यांना फोन करते."

"मी आणतो," अंबरीश पटकन म्हणाला. त्याला बाहेर पडायचं होतं.

"तुम्हाला कुठला रस्ता ठाऊक?" कृष्णकांतांनी किल्ली उचलली. "चला."

गाडीत बसल्यावर अंबरीश नुसताच समोर बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू तो काढायला विसरला होता.

"बेल्ट लाव," कृष्णकांत म्हणाले.

वाटेत त्यांना पुष्कळ काही बोलायचं होतं. जन्मभर पुस्तकं वाचली, त्यांतलं एखादं तरी वाक्य आता उपयोगी पडायला हवं होतं. पण प्रत्येक वाक्य ओठांपर्यंत येऊन खोटं वाटायचं आणि ते गिअर बदलायचे. रुवी आलं. मिठाईच्या दुकानाचे दिवे लांबूनच दिसले. दारासमोर गाडी लावायला जागाही मोकळी होती, जी एरवी कधी नसते. त्यांनी वेग कमी केला, इंडिकेटर लावला. तो टकटकत राहिला.

मग त्यांनी तो बंद केला.

"बाबा, दुकान..."

"हो," कृष्णकांत म्हणाले.

दुकान मागं गेलं. मग वस्ती मागं गेली. रस्ता डोंगरांत शिरला आणि वर पुढच्या गावांची निळी पाटी दिसली : कुरियात, सूर. नयनाताईंचा फोन वाजून वाजून थांबला. दोघांनीही तो घेतला नाही. अंबरीशनं काच खाली केली. वाऱ्यानं त्याच्या शर्टावरचं पीठ उडू लागलं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,

"सूर किती लांब आहे?"

"लांब आहे," कृष्णकांत म्हणाले आणि गाडी सगळ्यांत हळू चालणाऱ्या रांगेत घेतली. "बरंच लांब आहे."