उसवलेला पट्टा

“गोळी अर्धीच घ्यायची. पाय सुजले, छातीत धडधडलं, तर हातातलं काम टाकून माझ्याकडे यायचं. द्या बरं शब्द.”

गोळी सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी ऐकवलेले हे बोल शिवणवाल्या मावशींच्या कानांत सकाळपासून घुमत होते, आणि मावशी मात्र कात्रीच्या टोकाने आपल्याच चपलेचा पट्टा उसवत बसल्या होत्या. जन्माची खोड. कुणाचं काही तंग झालं, की शिवण उसवून मोकळं करून द्यायचं. परवा पायजम्याची मोहरी सैल केली, आज पट्टा. बदललंय ते अंग, कापड नव्हे, हे मन कबूलच करत नव्हतं.

करणार तरी कसं? माथा उघडा पडू लागला तेव्हापासून त्या डोक्याला रुमाल बांधत. माप घ्यायला गिऱ्हाइकापुढे वाकणंसुद्धा जिवावर येई. ही गोळी मुळात रक्तदाबाची, केसांसाठी अगदी थोडी देतात. सुरू केल्यावर पहिल्यांदा होते तेही केस गळले. मग कोवळी लव फुटली आणि बघता बघता मुठीत मावेल अशी वेणी झाली. लव गालांवरही आली, तेव्हा मावशी हसल्या होत्या. देव द्यायला लागला की जागा बघत नाही.

“काय चाललंय?” यजमान दारात उभे होते.

“पट्टा आखूड झालाय.”

“वय झालं की चपलाही आक्रसतात होय? नवीनच ऐकतोय.”

ते खाली बसले आणि त्यांनी मावशींच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळी तशीच राहिली.

“जिना चढताना धाप लागते तुला. ऐकतो मी रोज.”

“मग बोलला नाहीत ते?”

“आरशापुढे गुणगुणत होतीस. किती वर्षांनी. मलाही गप्पच बसावंसं वाटलं गं.”

मावशींनी कात्री मिटली. “त्यांनी बंद करा म्हटलं तर? गोळी सुटली की आलेले केसही जातात हळूहळू. आधीच सांगितलंय त्यांनी.”

“कमी करतील, बदलतील, नाहीतर बंद करतील. ते त्यांनी ठरवायचं. आपण इथं बसून चपला उसवायच्या नाहीत.” मग आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, “माझे गेले तेव्हा तू माहेरी निघून गेलीस का?”

“माहेरी जागा नव्हती.”

“तरीच.”

मावशी उठल्या. मशीनवर आच्छादन घातलं. पेटीतला जुना रुमाल काढून त्यावर इस्त्री फिरवली, घडी घातली आणि दवाखान्यात न्यायच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. वेणी मात्र खांद्यावरून पुढे घेतली. मग उसवलेल्या पट्ट्याची चप्पल पायात सरकवून, कठड्याला धरून, त्या सावकाश जिना उतरू लागल्या.